एक संच, एक जीव

निधीच्या पुस्तिकेतलं गणित सोपं होतं. फवारणीच्या संरक्षक कपड्यांचा एक संच विकला गेला की एक जीव सुरक्षित झाला, असं धरायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या ‘उजाळा महिला उद्योग संस्थे’ने सोळा महिन्यांत चार हजार एकशे बारा संच शिवून विकले होते. म्हणजे चार हजार एकशे बारा जीव. हे तपासायला मिताली नावाची एक तरुण मूल्यमापक पुण्याहून आली तेव्हा २०१९ च्या सप्टेंबरचा दुसरा आठवडा चालू होता. पावसाने उघडीप दिली होती आणि तालुक्यात जिकडेतिकडे कपाशीवर फवारणी सुरू होती.

संस्थेच्या सचिव रत्नप्रभा मोहरील यांनी तिला शेड दाखवली. बंद पडलेल्या एका जिनिंगचं ते गोदाम होतं. आत अठरा शिलाई मशिनी आणि अठरा बाया. चार मशिनी संस्थेच्या स्वतःच्या, चौदा निधीच्या पैशातून घेतलेल्या. मुंबईचा हा निधी दान देत नसे, सामाजिक कामात गुंतवणूक करत असे, आणि त्या बदल्यात त्याला परिणाम हवा असे. मोजलेला आणि सही केलेला परिणाम. मूल्यमापन समाधानकारक ठरलं तर ऑक्टोबरमध्ये दुसरा हप्ता मिळणार होता आणि मशिनी संस्थेच्या नावावर होणार होत्या. नाही ठरलं तर दिवाळीनंतर चौदा मशिनी परत जाणार आणि शेडच्या भाड्याचे पैसे बंद होणार. अठराही बायांना हे तोंडपाठ होतं. त्या दिवशी त्यांनी शेड दोनदा झाडली होती.

रत्नप्रभाबाईंनी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. लोक त्यांना अजून सिस्टरबाईच म्हणत. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीतून विषबाधा झालेली माणसं दवाखान्यात येऊ लागली तेव्हा त्यांच्या नोकरीचे शेवटचे चार महिने उरले होते. कॉटवर माणसं होती, कॉटखाली सतरंजीवर माणसं होती. सगळ्यांनाच वाचवता आलं नाही. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी जुबैदा शेखला गाठलं. जुबैदा पंचवीस वर्षं शाळेचे गणवेश शिवत होती आणि कापड बेतण्यात तालुक्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोघींनी मिळून फवारणीचा पोशाख तयार केला. टोपीसकट अंगरखा, पायजमा, तोंडाला पट्टी, हातमोजे. पहिल्या चार महिन्यांत चार मशिनींवर एकशे नव्वद संच झाले. आठवड्यातले तीन दिवस दोघी गावोगाव जात, ते घालून दाखवत, औषधाच्या डब्यावरचं वाचून दाखवत, कोणाचे हातपाय थरथरताहेत का ते पाहत. मग निधी आला.

मितालीकडे टॅबवर बेचाळीस प्रश्न होते. बहुतेक संच घेणाऱ्या घरांसाठी, शेवटचे सात संस्थेसाठी. त्या सातांतला एक असा होता: आमच्या गुंतवणुकीमुळे तुमच्या संस्थेची क्षमता किती वाढली? उत्तरासाठी चार चौकटी होत्या. खूप, बऱ्यापैकी, थोडी, अजिबात नाही.

“कमी झाली, ही चौकट कुठे आहे?” रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

मिताली हसली. मग तिने स्क्रीन पुन्हा पाहिली. तशी चौकट नव्हती. आजवर कोणी मागितली नाही, असं ती म्हणाली आणि तो प्रश्न तिने शेवटच्या दिवसासाठी ठेवून दिला.

यादीतून निवडलेल्या साठ घरी तिला जायचं होतं. मुलाखतीच्या वेळी संस्थेचं माणूस घरात असता कामा नये, असा नियम होता. पहिल्या दोन दिवसांत अडतीस घरं झाली. सदतीस घरांनी सांगितलं की संच रोज वापरतो. तिसऱ्या दिवशी एका तांड्यावर जायचं होतं. तिथला रस्ता तिच्या ड्रायव्हरला माहीत नव्हता, म्हणून तिने रत्नप्रभाबाईंना गाडीत सोबत घेतलं. त्या गाडीतच बसून राहतील असं ठरलं.

भावसिंग राठोड स्वतःच्या तीन एकरांवर फवारणी करत असे आणि दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनेही. त्याने मितालीला खाटेवर बसवलं, आतून पत्र्याची पेटी ओढून आणली आणि संच काढून दाखवला. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेला. तोंडाशी पिन तशीच होती.

“घालतो जी. रोज घालतो,” तो म्हणाला.

मितालीने पिनेकडे बोट दाखवलं. भावसिंग मोकळेपणाने हसला. “हा दाखवाचा हाय मॅडम. घालाचा शेतात हाय.” मग त्याने सगळंच सांगितलं. सकाळी घंटाभर चालतो. उन्हं वर आली की त्याच्यात माणूस शिजते. मग काढून मेढीला अडकवून ठेवतो. पण फॉर्म घेऊन कोणी आलं की हो म्हणायचं असतं, नाहीतर पुढची वस्तू मिळत नाही. हे सांगताना त्याला काही वावगं वाटत नव्हतं. विहिरीचा फॉर्म असो की गॅसचा, तांड्यावर असंच चालत आलं होतं.

मिताली हे टॅबमध्ये कुठे लिहावं ते शोधत असताना त्याची बायको मैनाबाई शेतातून आली. डोक्यावरची बादली तिने उतरवली, भिंतीला टेकून बसली आणि न्हाणीच्या बाजूला वळून ओकली. भावसिंग म्हणाला, तिले पित्त हाय, चार दिवसांपासून चालू हाय. मितालीने नियम बाजूला ठेवला आणि गाडीकडे हात केला.

रत्नप्रभाबाईंनी मैनाबाईची नाडी पाहिली, पापणी वर करून डोळे पाहिले. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. हे पित्त नव्हतं. तोंडाला लाळ सुटत होती. हातांना कोपरापर्यंत औषधाचा वास होता. त्यांनी आधी साबण मागितला, तिचे हात दोनदा धुतले, लुगडं बदलायला लावलं आणि तिला गाडीत घातलं. दवाखाना अकरा किलोमीटरवर होता. वाटेत त्या तिला बोलतं ठेवत होत्या.

“तू फवारा मारतेस का?”

“मी कायले मारू? हे मारते ना.”

“मग तू काय करतेस?”

“काई नाई. पानी भरा लागते.”

“औषध पंपात कोण टाकतं?”

“मीच. बादलीत टोपनानं टाकाचं, घोळाचं, मंग पंपात.”

“घोळायचं कशानं?”

मैनाबाईने उजवा हात थोडा वर केला.

दिवसाला किती पंप होतात, ते पुढच्या सीटवरून भावसिंगने सांगितलं. पस्तीस. कधी चाळीस. म्हणजे पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला पाण्यात मिसळलेलं औषध लागत होतं आणि त्याची बायको दिवसातून पस्तीस वेळा निव्वळ औषधावर वाकत होती. दवाखाना जवळ आला तेव्हा मैनाबाई स्वतःहून बोलली. तक्रारीचा सूर नव्हता. आठवण सांगावी तसं ती म्हणाली.

“बाई, तुम्ही आल्त्या ना मागं, कागद घेऊन. तवा मी तिथंच उभी होती. तुम्ही याईलेच पुसलं. मले नाई पुसलं.”

ते खरं होतं. २०१८ च्या मार्चमध्ये निधीला अर्ज करण्याआधी रत्नप्रभाबाईंनी सहाशे चाळीस घरांची पाहणी केली होती. पहिला प्रश्न त्यांनी स्वतः लिहिला होता: घरात फवारणी कोण करतं? सहाशे चाळीस घरांनी पुरुषांची नावं सांगितली. बायांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं टाळून नुसतं बोट दाखवलं, तेही त्यांनी लिहून घेतलं. इथे फवारणी करणारा म्हणजे ज्याच्या पाठीवर पंप आहे तो. पाणी आणणं, औषध घोळणं हे कोणाच्याच हिशेबी फवारणीत येत नव्हतं. बायांच्याही नाही. इथेच जन्मलेल्या, एकतीस वर्षं याच लोकांच्या नाड्या पाहिलेल्या रत्नप्रभाबाईंच्याही नाही. त्या पाहणीवरून जुबैदाने मापं पक्की केली. म्हणून पोशाखाला पायजमाच राहिला. लुगड्यावर चढेल असं त्यात काहीच नव्हतं.

मैनाबाईला दोन दिवस सलाईन लागलं. त्या दोन दिवसांत रत्नप्रभाबाईंना २०१७ चा तोच वॉर्ड सारखा आठवत राहिला. कॉटवर पुरुष आणि प्रत्येक कॉटशी बसलेली एक बाई. त्या बायांचे डोळे लाल असत, नाकातोंडातून पाणी गळत असे. आपण ते रडणं समजलो. एकीच्याही डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या नाहीत.

मिताली मात्र थांबली नाही. झालेल्या अडतीस घरी ती परत गेली, उरलेली बावीस केली, आणि प्रत्येक घरी एक प्रश्न वाढवला: औषध कोण घोळतं? टॅबमध्ये त्याला जागा नव्हती. तिने वही घेतली. साठपैकी एक्कावन्न घरांत बाई निघाली.

हे आकडे घेऊन रत्नप्रभाबाई शेडमध्ये गेल्या तेव्हा बाया घरी गेल्या होत्या आणि जुबैदा बेतायच्या टेबलावर उरलेल्या तुकड्यांची रास लावत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कात्री खाली ठेवली.

“मी बोलली होती तुमाले,” ती म्हणाली.

तेही खरं होतं. निधीचा पहिला हप्ता आला त्या आठवड्यात जुबैदाने बायांसाठी एक वेगळा झगा बेतला होता, मागून बांधायचा, लांब बाह्यांचा. निधीच्या माणसांनी सांगितलं की सुरुवातीला एकच उत्पादन असावं, म्हणजे खर्च कमी येतो आणि मोजणीही सोपी जाते. रत्नप्रभाबाईंनी तो झगा पुढे पाहू म्हणून कपाटात ठेवला. पुढे महिन्याला दोनशे साठ संचांचं लक्ष्य आलं. लक्ष्य गाठायचं तर दोघींनाही शेडमध्ये थांबावं लागे. तीन दिवसांचं गावात जाणं दोन दिवसांवर आलं, मग एकावर, मग बंद झालं. संच कृषी केंद्रांतून विकले जाऊ लागले. शेवटचं गाव त्यांनी गेल्या नोव्हेंबरात केलं होतं. गावात जाणं चालू असतं तर कोणत्या ना कोणत्या बांधावर कोणी तरी बाई हाताने औषध घोळताना दिसलीच असती.

रत्नप्रभाबाई म्हणाल्या की हे सगळं अहवालात गेलं पाहिजे आणि चार हजार एकशे बाराचा आकडा खोडला पाहिजे.

“सिस्टरबाई, तुमाले पेन्शन आहे,” जुबैदा म्हणाली. “या अठरा जनींले काय आहे?”

जुबैदाने मग आवाज खाली घेतला. सही करून टाका, ती म्हणाली. दुसरा हप्ता येऊ द्या. त्याच पैशातून बायकांचा झगा शिवू. चूक झाली ना, मग दुरुस्त करू, पण शेड ठेवून दुरुस्त करू. एका आकड्यासाठी सगळंच मोडायचं, यात कोणतं शहाणपण आहे? बोलताना ती तुकडे मापाप्रमाणे वेगळे करत राहिली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रत्नप्रभाबाई घरी गेल्या त्या तेच मनात धरून, आणि चार दिवस त्यांनी सही करायची असंच ठरवलं होतं.

निधीचा कार्यक्रम अधिकारी सलील पाचव्या दिवशी आला. पस्तिशीतला, मृदू बोलणारा माणूस. येताना त्याने अठरा बायांसाठी मिठाई आणली होती. बेतायच्या टेबलावर त्याने अहवालाचा मसुदा ठेवला. जाड, गुळगुळीत कागद. मुखपृष्ठावर संच घालून उभा असलेला एक शेतकरी आणि खाली मोठ्या अक्षरांत आकडा. मितालीने तिच्या वहीतली माहिती नवव्या पानावर घातली होती. सलीलने ती शेवटच्या परिशिष्टात नेली होती, ‘पुढील टप्प्यासाठी सूचना’ या मथळ्याखाली, अडीच ओळींत. मिताली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती आणि मान वर करत नव्हती.

सलीलने स्वतःहूनच झग्याचा विषय काढला. दुसऱ्या हप्त्यात बायकांसाठी वेगळं उत्पादन नक्की घेऊ, तो म्हणाला. तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. जुबैदाने रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. रत्नप्रभाबाईंनी पर्समधून पेन काढलं. तेव्हा सलील समाधानाने म्हणाला की या अहवालाची सगळे वाट पाहताहेत, कारण त्याच्या आधारावर हाच पोशाख आणि हीच पाहणीची पद्धत अकोला, वाशीम आणि नांदेडला जाणार आहे. तिथल्या संस्था निवडून झाल्या आहेत. लक्ष्य चाळीस हजार संच.

“हाच पोशाख?” जुबैदाने विचारलं.

“हाच. तुमचाच बेत. नाव देऊ आम्ही.”

“पायजमावाला?”

“हो. सिद्ध झालेलं मॉडेल आहे ना.”

जुबैदाने टेबलाखालून एक संच काढला आणि मशिनीवर बसलेल्या एका बाईला हाक मारून साडीवर घालायला सांगितलं. ती बाई उभी राहिली, अंगरखा कसाबसा चढवला, पायजम्यात एक पाय घातला आणि निऱ्या गोळा करत तशीच उभी राहिली. बाकीच्या बाया हसायला लागल्या. तीही हसली. सलीलही हसला, मग थांबला.

रत्नप्रभाबाईंनी पेनचं टोपण पुन्हा लावलं. “आकडा खोडा,” त्या म्हणाल्या. “इथे लिहा की संच विकले चार हजार एकशे बारा. आणि पुढे लिहा की जीव किती सुरक्षित झाले ते माहीत नाही.”

“अहवालात ‘माहीत नाही’ असं नाही लिहिता येत, ताई.”

“काहून?”

सलीलने शांतपणे समजावून सांगितलं. निधीतही वर पैसे देणारे लोक होते. त्यांना ठरलेल्या पद्धतीचा आकडा लागायचा. एका संस्थेने पद्धतच नाकारली तर बाकीच्या संस्थांचे आकडेही संशयाखाली येतात. परिशिष्टात सगळं आहेच, काहीही लपवलेलं नाही. त्यांना फक्त माहिती बरोबर असल्याची सही करायची होती.

“माहिती बरोबर नाही,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “पहिला प्रश्न मीच चुकीचा विचारला. माझ्या चुकीवर तुम्ही तीन जिल्हे उभे करताय. तिथेही कोणी तरी दारात कागद घेऊन उभं राहील आणि बाई मागे उभी असेल. मी सही करणार नाही.”

“मग हप्त्याचं मला काहीच करता येणार नाही.”

“माहीत आहे.”

त्याने जुबैदाकडे पाहिलं. ती तरी व्यवहाराने बोलेल असं त्याला वाटलं असावं. तिचंच चार दिवसांपूर्वी व्यवहाराचं बोलून झालं होतं. पण तेव्हा तिला तीन जिल्ह्यांचं माहीत नव्हतं.

“साहेब, पंचवीस सालात माह्या हातचा एक गणवेश परत नाई आला,” जुबैदा म्हणाली. “हा बेत चुकला. चुकलेला बेत मी चाळीस हजारदा नाई कापू देनार. माहं नाव तर त्यावर अजिबात नाई टाकाचं.”

रत्नप्रभाबाईंनी मसुद्यातलं सह्यांचं पान वेगळं केलं. सहीच्या जागी त्यांनी लिहिलं: अमान्य. मग मितालीकडून तो राहिलेला प्रश्न टॅबवरून त्याच पानाच्या पाठीवर चौकटींसकट उतरवून घेतला. क्षमता किती वाढली? त्यांनी चारही चौकटी रिकाम्या ठेवल्या, खाली स्वतः एक चौकट आखली, ‘कमी झाली’ असं लिहून तिच्यात खूण केली आणि पुढे कारण लिहिलं: निधी येण्यापूर्वी आठवड्यातले तीन दिवस गावात जात होतो, आता एकही नाही. तारीख टाकली. मिताली ते पान फोटो काढण्यासाठी सरळ करत होती तेव्हा तिचे कान लाल झाले होते. पण तिने फोटो नीट काढला, दोनदा.

सलील गेल्यावर अठरा बायांना सांगायचं काम उरलं. रत्नप्रभाबाईंनी मशिनी थांबवल्या आणि उभं राहूनच सांगितलं, काही मऊ न करता. कोणी रडलं नाही. आम्हाले न पुसता ठरवलं तुम्ही, असं एकीने ठणकावलं, आणि त्यावर रत्नप्रभाबाईंना मान खाली घालावी लागली, कारण ते अगदी तसंच झालं होतं. दुसरीने विचारलं की मिठाई परत करायची की वाटायची. ती वाटली गेली.

दिवाळीनंतर आठव्या दिवशी निधीचा टेम्पो आला. चौदा मशिनी उचलायला हमाल आणले नव्हते. बाया उचलतील असं टेम्पोवाल्याला सांगण्यात आलं होतं. बाया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. जुबैदाने त्याला चहा दिला आणि उचल म्हणाली. त्याने एकट्याने, घाम पुसत, तीन तासांत त्या भरल्या. अठरांपैकी अकरा जणी गेल्या. बहुतेक कापूस वेचायला, एक यवतमाळला भावाकडे. त्यांतल्या दोघी अजूनही रत्नप्रभाबाईंशी बोलत नाहीत. उरलेल्या सात जणी आणि जुन्या चार मशिनी जुबैदाच्या घरासमोरच्या पत्र्याखाली आल्या. तिथे कपाटातला झगा पुन्हा बेतला गेला. पहिला मैनाबाईने घातला आणि बाह्या तोकड्या आहेत, बादलीत हात घातला की पाणी आत जाते, असं सांगितलं. आधी हात घालणं बंद कर, असं जुबैदाने तिला सुनावलं आणि एक लांब दांड्याची पळी हातात दिली. तरीही बाह्या वाढवल्या. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दोघी पुन्हा गावात जाऊ लागल्या.

निधीचा अहवाल डिसेंबरात निघाला. उजाळा संस्थेची सही नव्हती, पण आकडा होता. परिशिष्ट नव्हतं. पोस्टाने आलेली ती प्रत रत्नप्रभाबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर निधीने आजवर पैसे गुंतवलेल्या बावीस संस्थांची नावं आणि पत्ते होते. प्रत्येकीपुढे क्षमता ‘खूप वाढली’ असं छापलं होतं. उजाळापुढेही.

त्यांनी घाटंजीच्या पोस्टातून पाकिटं आणली. उजाळा सोडून एकवीस संस्थांना त्यांनी हाताने एकवीस पत्रं लिहिली. पत्रात एकच प्रश्न होता: हे पैसे आल्यानंतर तुमच्या संस्थेने कोणतं काम करणं बंद केलं? त्याखाली त्यांनी आपलं उत्तर आधी लिहिलं होतं, पूर्ण नावानिशी, मैनाबाईच्या दोन दिवसांच्या सलाईनसह. उत्तरं एकत्र छापायची आहेत, तुमचं नावासह छापावं की नावाशिवाय ते तुम्ही ठरवा, असंही लिहिलं होतं.

जानेवारीच्या अखेरीपर्यंत नऊ उत्तरं आली. ऐकू न येणाऱ्या मुलांना यंत्रं देणाऱ्या एका संस्थेने लिहिलं की यंत्र दिल्यावर सहा महिन्यांनी घरी जाऊन ते चालतं का पाहायचो, ते बंद केलं, कारण वाटलेली यंत्रं मोजली जातात, चालणारी नाही. एका दूध संघाने एकच म्हैस असलेल्या बायांना सभासद करणं थांबवलं होतं. एका दवाखान्याने जुन्या रोग्यांना तपासायचा ठरलेला वार बंद केला होता, कारण तक्त्यात फक्त नवे रोगी चढत. एका उत्तरात एवढंच होतं: भांडण. आम्ही आपसात भांडून ठरवायचो, ते बंद केलं. दोन संस्थांनी असे प्रश्न विचारू नयेत असं कळवलं. रत्नप्रभाबाईंनी ती दोन पत्रंही त्याच फायलीत लावली. वाशीमच्या एका संस्थेने पोशाखाचा करार सही करण्यापूर्वी थांबवला होता आणि झग्याचा बेत मागितला होता. जुबैदाने तो त्याच दिवशी कागदावर काढून दिला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सलीलचा फोन आला. रत्नप्रभाबाई तेव्हा पत्र्याखाली बाह्या तपासत होत्या. तो अजूनही मृदूच बोलत होता. तुमच्या पत्रांमुळे आमच्या भागीदार संस्थांमध्ये अस्वस्थता पसरली आहे, तो म्हणाला. हे कराराच्या भावनेला धरून नाही. निधीच्या कायदा सल्लागारांनीही विचारणा केली आहे.

“कोणतं कलम?” रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

पलीकडे कागदांचा आवाज झाला. कलमाचा प्रश्न नाही, तो म्हणाला, विश्वासाचा आहे.

“करार मी वाचलाय, साहेब. पत्र लिहू नये असं त्यात कुठे नाही. आणि बरं झालं तुम्ही फोन केला. तीन पाकिटं परत आलीत. तुमच्या पुस्तकात पत्ते चुकीचे छापलेत. बरोबर पत्ते कळवा.”

त्याने ते कळवता येणार नाहीत असं सांगितलं. रत्नप्रभाबाई बरं म्हणाल्या आणि पुन्हा बाह्यांकडे वळल्या. काय म्हणे, असं जुबैदाने विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. जुबैदा म्हणाली की माणूस गरीब आहे बिचारा, नोकरी करते.

नऊ दिवसांनी एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, शिक्का पुण्याचा होता. आत वहीचं फाडलेलं एक पान होतं. त्यावर तीन संस्थांचे पत्ते होते, पिनकोडसकट, आणि त्यांच्याखाली आणखी अकरा, जे निधीच्या अहवालात कुठेच छापलेले नव्हते.

रत्नप्रभाबाईंनी पाकिटं मोजली. सहाच शिल्लक होती. त्यांनी पायात चपला घातल्या आणि पोस्टाकडे निघाल्या.